तनूच्या वाट्याच्या बाटल्या

ऑक्टोबरात इंग्लंडातल्या मेडनहेडच्या घरामागच्या झाडाची सफरचंदं तनू आणि अंशुमन या नवराबायकोनं मिळून पिळली, आणि ख्रिसमसच्या आत तनू घर सोडून हाउन्सलोला राहायला गेली. रस बिचारा त्यांच्या भांडणात न पडता बुधल्यात फसफसत राहिला आणि मार्चपर्यंत त्याची आंबटढाण सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, झाली. तिच्यात निम्मा वाटा तनूचा. तनूला सायडर गोड आणि फेसाळच हवी असायची.

आता यातली गोम अशी, की साखर घातली की उरलेलं यीस्ट ती खातं आणि बाटलीत गॅस करतं. हवा तेवढा गॅस झाला, की लगेच बाटल्या गरम पाण्यात ठेवून यीस्ट मारायचं. मग गोडीही टिकते आणि फेसही. यीस्टला न पचणारं स्वीटनर घालून, फेसापुरती चिमूटभर साखर टाकायची सोपी वाटही होती. अंशुमनला ती चांगली ठाऊक होती. पण त्या वाटेनं तनूला बोलवायला निमित्त उरत नव्हतं, म्हणून साहेबांनी भरपूर साखर घातली आणि फोन केला.

"बाटल्या भरल्यात. हीट करायला दोघं लागतील. संडेला येशील?"

"ट्राय करते," तनू म्हणाली.

अंदाजासाठी एक बाटली प्लॅस्टिकची भरली होती. शनिवारी दाबून पाहिली तर दगडासारखी कडक. म्हणजे आता थांबलं, तर काचेच्या बाटल्या फुटणार. रविवारी तनूचा मेसेज आला, शिफ्ट आहे, नेक्स्ट वीक. शहाण्या माणसानं पाणी तापत ठेवलं असतं. अंशुमननं एकेका बाटलीचं झाकण उघडून गॅस सोडला आणि पुन्हा लावलं. मग ऑफिसातून आलं की रोज त्याचा हाच उद्योग. तनूची इतकी आठवण यायची, की त्या फुस्स आवाजाचीही त्याला सोबत वाटायची.

तनू उगवली ती तिसऱ्या रविवारी. कोट न काढताच तिनं ग्लास तोंडाला लावला आणि डोळे मिटले.

"अरे, ही तर टोटली ड्राय झालीये. साखर सगळी खाल्ली यीस्टनं. तू हीट का नाही केलीस?"

"तू येणार होतीस."

"एवढ्याशा तर बाटल्या. तुला एकट्याला जमलं असतं."

"जमलं असतं," तो म्हणाला. "मग तू आली नसतीस."

ग्लासातली आंबट सायडर तनूनं शेवटच्या घोटापर्यंत संपवली.

"जानेवारीभर मी तुझ्या फोनची वाट बघत होते," ती म्हणाली. "नुसतं ये म्हणाला असतास ना, तरी आले असते. फोन केलास तो बाटल्यांसाठी."

"मग आता म्हणतो. ये."

तिनं ग्लास विसळून पालथा घातला. "आता मी तिकडे सेटल झालेय रे," ती हळूच म्हणाली, आणि पिशवी उघडून खाली बसली. अंशुमन तिच्या वाट्याच्या बाटल्या एकेक करून तिच्या हातात देत गेला, होईल तितक्या सावकाश.