लेखकाच्या टेबलातली पट्टी

सकाळपासून पेटीवाल्या बाईंनी खुर्च्या तीनदा मोजल्या होत्या. पंचवीस मुलं, एक वर्गशिक्षिका आणि एक पाहुणी, म्हणजे सत्तावीस. खुर्च्या सत्तावीसच होत्या आणि पुन्हापुन्हा मोजून त्या काही वाढणार नव्हत्या. पण बाईंच्या पायाला आज भिंगरी लागली होती. खाली जाऊन फाटक बघायचं, वर येऊन पंखा लावून बघायचा, आणि पंखा चालतोय म्हटल्यावर पुन्हा फाटकाकडे पळायचं. फाटकावरचा पहारेकरी शेवटी म्हणाला की बाई, गाडी आली की मी हाक मारतो, तुम्ही जरा टेका. त्या टेकल्या आणि लगेच उठल्या.

पेटीवाल्या बाई हे नाव मुलांनी ठेवलेलं. एका थोर लेखकाच्या राहत्या घराचं संग्रहालय झालं होतं आणि तिथला शाळांसाठीचा कार्यक्रम त्या चालवत. लेखकाच्या वस्तू एका लाकडी पेटीत घालून त्या शाळाशाळांतून फिरायच्या. चष्मा, दौत, काठी असं एकेक बाहेर काढायचं आणि त्या वस्तूवरून लेखकाचं आयुष्य सांगता सांगता मुलांना त्याच्या पुस्तकांपाशी आणून सोडायचं. काही वर्ग नंतर इथे, लेखकाच्या अभ्यासिकेत यायचे. सहा वर्षांत साठ शाळा झाल्या होत्या. त्याआधी वीस वर्षं बाईंनी प्राथमिक शाळेत काढली होती, त्यामुळे मुलं कशाने गप्प होतात आणि कशाने बोलती होतात हे त्यांना पाठ होतं. सगळा घोळ त्यातूनच झाला.

आजची पाहुणी म्हणजे लेखकाची लेक. वय सत्तरीच्या पुढे. वडील गेल्यापासून तिने या घरात पाऊल टाकलं नव्हतं. लेखकाच्या गोष्टी शाळांतून वापरायला तिची परवानगी लागायची आणि कागदावरची तिची सही दरवेळी टपालाने यायची. यंदा मुदत संपली तेव्हा तिने कळवलं, आधी कार्यक्रम बघेन, मग सही करेन. संग्रहालयाच्या संचालकांना आभाळ ठेंगणं झालं. बाईंची मात्र झोप उडाली.

कारण पेटीत होतं. वीतभर लांबीची एक पुठ्ठ्याची पट्टी, मधोमध एक ओळ दिसेल एवढी फट कापलेली, एक कोपरा दातांनी चावलेला. लेखकाच्या टेबलाच्या खालच्या खणात ती सापडली होती आणि नोंदवहीत तिच्यापुढे लिहिलं होतं, ‘उपयोग अज्ञात’. बाईंनी ती बघताक्षणी ओळखली. काही मुलांना पान उघडलं की ओळी एकमेकींत घुसलेल्या दिसतात. अशा मुलांना शिक्षक फट कापलेली पट्टी देतात. ती पानावर ठेवायची, म्हणजे एक ओळ दिसते आणि बाकीच्या झाकल्या जातात. बाईंनी स्वतः अशा डझनांनी कापल्या होत्या. आता पट्टी लेखकाच्या टेबलात सापडली म्हणजे ती लेखकाचीच असणार, असा बाईंनी सुतावरून स्वर्ग गाठला.

पहिल्या वर्षी त्यांनी मुलांना सांगितलं की कदाचित, हं, कदाचित या मोठ्या लेखकालाही लहानपणी वाचायला जड जात असेल. मागच्या बाकावर कधी मान वर न करणारी दोन मुलं एकदम ताठ बसली. ते बघून कुठल्या शिक्षिकेला मोह होणार नाही? पुढच्या शाळेत त्या ‘कदाचित’ एकदाच म्हणाल्या. त्यापुढच्या शाळेत ते राहूनच गेलं. तिसऱ्या वर्षी अभ्यासपत्रिकेवर छापून आलं की लेखकाला दहाव्या वर्षापर्यंत धड वाचता येत नव्हतं. हे दहावं वर्ष कुठून आलं ते बाईंनाही सांगता आलं नसतं. काही आधार मिळतो का म्हणून त्यांनी लेखकाचं आत्मचरित्र चाळलं, तर महाशय लिहितात की चौथ्या वर्षी मी घरातल्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. मोठी माणसं स्वतःबद्दल जरा वाढवूनच लिहितात, अशी बाईंनी मनाची समजूत घातली आणि पुस्तक फडताळात मागे सरकवलं.

सकाळी त्यांनी हे सगळं नवऱ्यापुढे ओकून टाकलं, तर तो दाढी करता करता म्हणाला की एवढं टोचतंय तर आज पट्टी बाहेरच काढू नकोस. सोपं होतं. पण आज येणाऱ्या वर्गात गोगलगाय होती.

वाचायला उभी राहिली की एका ओळीवरच अडून बसते म्हणून वर्गाने त्या मुलीला हे नाव चिकटवलं होतं. दोन महिन्यांपूर्वी पेटी तिच्या शाळेत गेली, तिने लेखकाच्या पट्टीची हकिगत ऐकली आणि घरी जाऊन वहीच्या कव्हराची तशीच पट्टी कापली. मग वर्गशिक्षिकेचा फोन आला, पोरगी उभी राहून अर्धं पान वाचते हो. पोरीने एकच मागितलं होतं, लेखकाची खरी पट्टी जवळून बघायची. तिला आता काय सांगायचं, पट्टी हरवली?

लेक आली ती एकटीच, रिक्षाने. पुढच्या खुर्चीवर बसायला तिने नको म्हटलं आणि मागे खिडकीपाशी, मांडीवर पिशवी घेऊन बसली. बाईंनी अभिप्रायाची वही पुढे केली, तर ती म्हणाली मागाहून. अभ्यासपत्रिका दिली, तर म्हणाली तुम्हीच सांगा काय आहे ते, मी चष्मा विसरले. चष्मा तिच्या गळ्यात दोरीला लटकत होता. बाईंना तो दिसला, पण त्यांचा जीव टांगणीला लागलेला, त्यामुळे दिसूनही डोक्यात शिरला नाही.

मुलं आली, मागे बसलेल्या आजी म्हणजे लेखकाची लेक अशी बाईंनी ओळख करून दिली आणि कार्यक्रम सुरू झाला. चष्मा झाला, दौत झाली. काठी कुणी उचलून बघायची यावरून नेहमीप्रमाणे रेटारेटी झाली आणि नेहमीप्रमाणे पांढरे हातमोजे घातल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही हे बाईंनी सांगितलं. पट्टी टेबलावर ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, ही पट्टी, आणि घाईने लेखकाच्या पेनाकडे वळल्या.

गोगलगाय उभी राहिली. कंपासपेटीतून तिने स्वतःची पट्टी काढून हातात धरली होती. ती बाईंकडे बघतच नव्हती, मागे वळून खिडकीकडे बघत होती.

“आजी, तुमच्या बाबांना खरंच वाचता येत नव्हतं?”

लेकीची नजर टेबलावरच्या पट्टीवर खिळली होती आणि पिशवीचा बंद तिने मुठीत आवळला होता. बाईंना तेवढ्यात दोन्ही उत्तरं ऐकू आली. ती नाही म्हणाली तर या पोरीचं काय? आणि हो म्हणाली तर एवढी वयस्कर बाई पंचवीस मुलांदेखत आपल्यासाठी खोटं बोलणार. हे दुसरं त्यांना सोसवेना.

“त्यांना नको विचारूस, मला विचार,” बाई म्हणाल्या. “पट्टी या टेबलात सापडली, एवढंच मला ठाऊक आहे. बाकीचं मी मनाने जोडलं.”

“म्हणजे खोटं?”

“हो.”

गोगलगायीने आपली पट्टी कंपासपेटीत टाकली आणि झाकण लावून खाली बसली. पुढच्या रांगेतला एक जण मागे वळून हसला. वर्गशिक्षिकेने बाईंकडे अशा नजरेने पाहिलं की त्यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर बरं. बाईंना आपली लाज वाटली, अगदी सरळ लाज, आणि तरी हात पेनाचं टोपण काढत होते, लावत होते.

मागे खुर्ची सरकली. लेक पुढे आली आणि हातमोजेबितमोजे न घालता तिने पट्टी उचलली. चावलेल्या कोपऱ्यावर अंगठा ठेवून ती म्हणाली, “हा कोपरा मी चावलाय.”

मग तिने सांगितलं, आणि सांगितलं ते गोगलगायीलाच. लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. ही पट्टी तिला शाळेतल्या बाईंनी कापून दिली होती. एकदा याच खोलीत ती जमिनीवर बसून वाचत असताना वडिलांना भेटायला मोठी मोठी माणसं आली आणि त्यातल्या एकाने हे काय म्हणून विचारलं. वडिलांनी तिच्या हातातून पट्टी घेतली, खणात टाकली आणि पाहुण्यांशी बोलत राहिले. माणसं गेल्यावर म्हणाले की लेखकाच्या मुलीला पट्टी लागते हे चारचौघांत दिसायला नको. वडिलांच्या खणाला त्या घरात कुणी हात लावत नसे, तिनेही लावला नाही. पुढे तिने जन्मभर शिवणाचं दुकान चालवलं, उत्तम चालवलं. वडिलांची एकही गोष्ट मात्र तिने शेवटपर्यंत वाचलेली नव्हती.

गोगलगायीने थोडा विचार केला. कंपासपेटी तिने उघडली नाही, पण टेबलावरचं लेखकाचं पुस्तक उचललं, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट काढली आणि शेजारच्या मुलाला उठवून आजींना जागा करून दिली. लेक त्या बुटक्या खुर्चीत बसली. चष्मा लावला, पानावर पट्टी ठेवली आणि वाचायला लागली. एकेक शब्द सुटा, मध्ये मोठे मोठे थांबे. तिसऱ्या ओळीत ती अडली. कुणीतरी खुसखुसलं आणि आपोआप गप्प झालं. बाईंच्या ओठांवर शब्द आला होता, त्यांनी तो महत्प्रयासाने गिळला.

“थांबा, घाई नाहीये,” गोगलगाय म्हणाली. “मी पण तिथेच अडते.”

पहिलं पान संपायला अर्धा तास लागला. दुसऱ्या पानाला गोगलगायीने आपली पट्टी काढली आणि मग दोघी आळीपाळीने वाचू लागल्या.

मुलांची गाडी गेल्यावर संचालक कागद घेऊन हसतमुखाने वर आले. कार्यक्रम फारच सुंदर झाला असणार असं स्वतःच म्हणाले आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. तेवढ्यात बाईंनी सांगून टाकलं की अभ्यासपत्रिका चुकीची आहे, साठही शाळांना पत्रं लिहावी लागतील, उद्यापासून मी बसते. संचालकांचं हसू जागच्या जागी राहिलं.

लेकीने कागदाची घडी केली. “आजवर मी न वाचताच सह्या केल्या. हा वाचेन. हळू वाचते मी, आठवडा लागेल,” ती म्हणाली आणि पट्टी पिशवीत घातली. “आणि ही लागेल.”

संग्रहातली वस्तू अशी बाहेर नेता येत नाही, त्याला नियम आहेत, असं संचालक चाचरत म्हणाले आणि मदतीसाठी बाईंकडे बघू लागले. बाई नोंदवही आणायला गेल्या होत्या. त्यांनी ‘उपयोग अज्ञात’वर काट मारली आणि पुढे मोठ्या, सुट्या अक्षरांत, पूर्वी फळ्यावर लिहायच्या तसं लिहिलं, ‘वाचायची पट्टी. लेखकाच्या मुलीची. तिला परत दिली.’ मग वही फिरवून लेकीपुढे ठेवली.

लेकीने पिशवीतून पट्टी काढली, त्या ओळीवर ठेवली आणि वाचायला सुरुवात केली.