बॉयलरची पूजा

घर तापवणारा बॉयलर बंद पडला. जळणाच्या लाकडी गोळ्या ओल्या असतील, सेन्सर गेला असेल, असं म्हणत माझा नवरा ऋषी बॉयलरचे व्हिडिओच बघत बसला. मी ओरडत होते, "अरे, गोळ्या पुढे ढकलणारा तो स्क्रू एकदा उघडून बघ!" ऐकेल तर शपथ. बाहेर नेपरव्हिलमध्ये बर्फाचं वादळ, आत घर गारठलेलं. माझ्या सासूबाईंचा खोकला छातीत उतरला आणि त्यातच त्या गेल्या.

अंत्यविधीहून परतल्यावर मीच स्क्रू उघडला. त्याच्या पात्यात सुपारी अडकली होती, अजून कुंकवाचा डाग असलेली. दसऱ्याला सासूबाईंनी बॉयलरची पूजा केली होती. घर उबदार राहू दे म्हणून त्यांनीच ती गोळ्यांत ठेवली असणार.

"काय अडकलं होतं?" ऋषीने जिन्यावरून विचारलं.

मी सुपारी मुठीत दाबली.

"तुझंच बरोबर होतं. गोळ्या ओल्या होत्या."