दाराखालची डावी पट्टी

आमच्या बेटावर गाडीची तपासणी लागत नाही. त्यामुळे तळाच्या भोकांतून रस्ता दिसणाऱ्या गाड्याही इथे सुखाने फिरतात. म्हाताऱ्या टॉर्कलची जुनी हिरवी मॉरिस गाडी मात्र त्या मंगळवारी बोटीने मुख्य भूमीवर गेली होती आणि तपासणी केंद्रात डोक्याच्या वर उचलून ठेवली होती.

कारण होतं मार्साली, त्याची बायको. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती मुख्य भूमीवरच्या शुश्रूषागृहात होती. धक्क्यापासून चौदा मैल, आणि त्या रस्त्याला बस नाही. गाडी पास झाली तर टॉर्कल दर मंगळवारी तिच्याकडे जाणार, हवा बरी असेल तेव्हा तिला फिरवून आणणार. नापास झाली तर कुणाला दया येईल तेव्हाच भेट.

बेटावरचा गॅरेजवाला फिन्ली तीन महिने त्या गाडीत डोकं घालून बसला होता. ब्रेक, सायलेन्सर, उजवीकडचा गंजलेला पत्रा, सगळं नवं केलं. डाव्या दाराखालच्या पट्टीला मात्र टॉर्कलने हात लावू दिला नाही.

"ती मी स्वतः केलीय. तुझ्या-माझ्या मागे टिकेल."

फिन्ली मान डोलावून गप्प बसला. टॉर्कलने चाळीस वर्षं बोटी बांधलेल्या. त्याच्या कामाला नावं ठेवायची बेटावर कुणाची छाती नव्हती.

आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. अकरा वर्षांपूर्वी टॉर्कलने ती पट्टी बोटीसारखी केली होती. फायबरचं कापड, राळ, वरून बोटीचा जाड हिरवा रंग. पत्रा नव्हताच. हे तपासणीत चालत नाही, असं त्याला गेल्याच आठवड्यात कळलं आणि तेव्हापासून त्याला घास गिळवत नव्हता. पण फिन्लीकडे जाऊन चूक कबूल करायची? या वयात?

रीड नावाचा तपासनीस छोटी हातोडी घेऊन गाडीखाली शिरला. उजवीकडून ठोकायला लागला. टण्. टण्.

"छान जोडलंय."

"जोडतोच आम्ही," सोबत आलेला फिन्ली म्हणाला.

टॉर्कल बाकावर बसून टोपी पिळत होता. फायबर असं वाजत नाही, भद्द करतं. पण रंग जाड होता, रीडची जेवणाची वेळ झाली होती. निसटेलही कदाचित.

रीडने डावीकडे येऊन वर पाहिलं. "बाईसाहेबांना फिरवायचंय म्हणालात, त्या या बाजूला बसणार ना? त्यांच्या सीटचा पट्टा याच पट्टीला जोडलाय."

अकरा वर्षं हे टॉर्कलच्या मनातही आलं नव्हतं. बोटीत कुणी पट्टा बांधून बसत नाही.

रीडने हातोडी उचलली.

"थांबा!" टॉर्कल उठला. "ते फायबर आहे. मी केलंय. फिन्लीला यातलं काही माहीत नाही, त्याला बोलू नका. करा नापास."

फिन्ली खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला.

रीडने ठोकलं. टण्. आणखी चार ठिकाणी ठोकलं. टण्.

"थट्टा करताय का, आजोबा? पोलाद आहे हे."

टॉर्कल गाडीखाली गेला. तोच हिरवा रंग, तेच ब्रशचे फराटे, त्याच्या हातून ओघळला होता तसाच थेंबसुद्धा त्याच जागी. त्याने नख मारून पाहिलं. खाली गार, टणक पत्रा होता. शरमेने त्याचे कान तापले.

"रंग कुठून आणलास रे, फिन्ली?"

"तुमच्या शेडमधून. दार उघडंच असतं तुमचं."

"आणि मला सांगायचं नाही?"

"तुम्ही मला सांगितलंत?"

रीड हसत दाखला लिहायला गेला. टॉर्कलने टोपी डोक्यावर चढवली, पुन्हा काढली.

"मार्सालीला आज सांगून टाकतो. तिला अकरा वर्षं कशाच्या भरवशावर फिरवलं ते."

"त्यांना काय सांगताय?" फिन्ली म्हणाला. "जानेवारीत त्यांनीच मला फोन केला. म्हणाल्या, अकरा वर्षं जीव मुठीत धरून बसलेय, ती पट्टी कापून काढ. आणि त्याला कळू देऊ नकोस, वाईट वाटेल त्याला."