बैलांच्या टेंपोंनी दाबलेला रस्ता

१९९६ साली आम्हा बायकांच्या मजूर संस्थेला बेल्ह्याच्या रस्त्याचं पहिलं सरकारी काम मिळालं. ते बिघडलं असतं तर दुसरं मिळणार नव्हतं. गरम डांबरी खडी पसरली आणि नेमका रोलर बंद पडला! तेवढ्यात बाजारातून बैल भरलेले टेंपो आले. आमची अध्यक्ष द्रौपदा सगळ्यात पुढच्या, चांगदेवच्या टेंपोला आडवी गेली.

“चांगदेवभाऊ, खडी निवायच्या आत हिच्यावरूनच मागंपुढं चालवा!”

“आन् बैल काय म्हणतील?”

“त्यांना लई मजा येईल!”

ओळीनं टेंपो फिरले, बैल हंबरले, चाकांना डांबर चिकटू नये म्हणून आम्ही पाणी मारत ओरडत धावलो. खडी घट्ट बसली! बांधकाम खात्याच्या साहेबांनी काम पास केलं.

द्रौपदा पुढं सरपंच झाली. चांगदेवनं टेंपो विकून रोलर घेतला. मी साठीपर्यंत रस्तेच केले.