अनंता मास्तरांच्या पायाखालचा चौरंग

मी एक जुना चौरंग आहे. घडवला गेलो सत्यनारायणासाठी आणि आयुष्य काढलं एका माणसाच्या पायाखाली. हसू नका, मित्रांनो. तो माणूसही साधासुधा नव्हता.

भिकू सुताराने मला सागवानातून घडवलं. खिळा एकही मारला नाही. चारही पाय खुंट्यांवर बसवले. "पूजा झाली की पाय काढून ठेवा," असं तो कौतुकाने सांगायचा. त्याला काय ठाऊक, पुढे ते कोण काढणार आणि कशासाठी.

कॉलेजातली पहिली पूजा आटोपली आणि अध्यक्ष अनंता मास्तर मला सभागृहात घेऊन गेले. ते संस्थेचे अध्यक्ष होते आणि कॉलेजच्या पंचवीस मुलांच्या वाद्यवृंदाचे संचालकही. तरुणपणी कोळीवाड्यातल्या लग्नांत बँड वाजवलेला माणूस. ऑफिसात त्यांना 'अध्यक्ष साहेब' म्हणणारी माणसं सभागृहात 'मास्तर' म्हणायची. उंचीने मात्र बेताचे. मागे बसलेल्या ढोलवाल्याला त्यांची ताल देण्याची छडी दिसायची नाही, म्हणून मी हवा होतो. ते चपला काढायचे, मला हात लावून नमस्कार करायचे आणि मगच वर चढायचे. एकोणीस वर्षं त्यांच्या उजव्या अंगठ्याचा ठेका मी पाठीवर झेलला. टाळ्या पडल्या की त्यातल्या निम्म्या मी आपल्याच समजायचो.

पण एक गोष्ट लपवणार नाही. मास्तरांचा हात पटकन उठायचा. सूर चुकला की छडी बोटांवर बसायची. मुलं सोसायची, घरी कोणी सांगायचं नाही. मीसुद्धा म्हणायचो, छडी लागे छम छम, चालायचंच. मलाही तेव्हा अक्कल नव्हती.

दिपेश आमचा ट्रंपेटवाला. पुढच्या महिन्यात कॉलेजमार्फत त्याची नौदलाच्या बँडसाठी परीक्षा होती आणि मास्तरांनीच त्याला तयार केलं होतं. एका दुपारी तालमीत तो एक मात्रा आधी शिरला. मास्तर खाली उतरले आणि छडी त्याच्या कानावर बसली. रक्त आलं. क्लॅरिनेट वाजवणारा राहुल फिदीफिदी हसला. दिपेशने हातातलं ट्रंपेट उचललं आणि राहुलच्या तोंडावर हाणलं. समोरचे दोन दात माझ्या फळीवर येऊन पडले.

मास्तर तसेच ऑफिसात गेले. संध्याकाळी फलकावर कागद लागला: दिपेशचं नाव कॉलेजातून कमी केलं आहे. म्हणजे परीक्षाही गेली. खाली सही अध्यक्षांची होती.

राहुल मास्तरांच्या कोळीवाड्यातला आणि दिपेश मिठागराकडच्या आगरी गावातला. मास्तरांनी आपल्या वाडीतल्याची बाजू घेतली, असं म्हणायला लोकांना एवढं पुरलं.

तिसऱ्या दिवशी चार वाजता दिपेशचा काका सदू पाच माणसं घेऊन तालमीत शिरला. त्याच्या मागे दिपेश मान खाली घालून उभा होता. मुलं भिंतीला चिकटली. सदूने मास्तरांना ढकललं आणि मला उलटं करून माझा एक पाय उपटला.

"मास्तर, तुजे वाडीतला पोर असता त नाव कापला असतास?" तो म्हणाला. "तो कागद फाड."

"फाडणार नाय," मास्तर म्हणाले.

पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा मनगटावर. तिसऱ्याला कोपराचं हाड मोडलं, कडकन. मित्रांनो, तो घाव माझ्याच पायाने घातला होता. ज्या माणसाला मी एकोणीस वर्षं उचलून धरलं, त्याचा छडीचा हात मीच मोडला. मला ओरडायचं होतं, पण लाकडाला कुठला आवाज. ओरडला तो दिपेश. "काका, बस. मास्तर मरंल," म्हणत त्याने काकाच्या हाताला मिठी मारली.

व्हायोलिनवाल्या मृणालीने पोलिसांना फोन केला होता. हवालदार हेमांगीताई आल्या. मास्तर भिंतीला टेकून बसले होते आणि हात लोंबत होता. ताईंनी वही उघडली. "कोणी मारलं, सांगा."

सगळे सदूकडे बघत होते. मास्तरांनी दिपेशच्या कानावरची खपली पाहिली.

"तिन्ही मार लिवा," ते म्हणाले. "पन ओळीनं. पयला माजा, मंग दिपेशचा, मंग सदूचा. हे पोराला मी मारला, आनि शिक्षा त्यालाच दिली."

ताईंचं पेन थांबलं. "साहेब, हे लिहिलं तर तुमचं अध्यक्षपद जाईल."

"जाऊ दे. लिवा."

ते गेलंच. नव्या अध्यक्षांनी तो कागद रद्द केला आणि दिपेश राहुलचे पाय धरून कॉलेजात परतला. नौदलाच्या परीक्षेची तारीख मात्र तोवर उलटून गेली होती. राहुल अजून क्लॅरिनेटला तोंड लावत नाही. मास्तरांचा हात कोपरापासून वाकडाच जुळला. आता ते फक्त मास्तर म्हणून येतात, डाव्या हाताने ताल देतात, छडीशिवाय. मला मात्र दोन महिने कोपऱ्यात धूळ खात ठेवलं होतं. मग पोलिसांनी पुरावा म्हणून नेलेल्या चौथ्या पायाच्या जागी विटा लावून पुन्हा उभं केलं.

मित्रांनो, भांडण झालं की जो तो दुसऱ्याच्या फटक्यापासून मोजायला लागतो. तुम्ही आपल्यापासून मोजा. आम्हा मुक्या वस्तूंना पुसून-झटकून जपा, पण कोणाच्या अंगावर उगारायला उचलू नका. आम्हाला 'नाही' म्हणता येत नाही. तुम्हाला येतं.