सहा वेळा पाहिलेला धबधबा

मुलांनो, क्षणभर असं समजा, की तुम्ही एका डोंगराच्या पायथ्याशी आहात. सकाळचे आठ वाजलेत. स्वेटर काढावा की राहू द्यावा, अशी थंडी आहे. समोर दोन तंबू, त्यांच्या मधोमध एक चपटा दगड, दगडावर पाठपिशव्यांचा ढीग, स्टोव्ह, भांडी, बटाट्यांची पिशवी. वर झाडीपलीकडून सारखा एकच आवाज येतोय. तो धबधब्याचा. तिथे पोचायला दीड तास लागतो. सगळे निघालेत, तुम्हीही निघालात, आणि तेवढ्यात कोणीतरी वळून अगदी गोड आवाजात तुम्हाला म्हणतं, तू आहेस ना सामानापाशी?

एकदा म्हटलं तर काही वाटणार नाही. दुसऱ्यांदा थोडं वाईट वाटेल. मुंगी नावाच्या एका मुलीच्या आईला हे सातव्या वर्षी सहाव्यांदा ऐकावं लागलं, तेव्हा ती एक गुडघा टेकून बुटाची नाडी बांधत होती.

बोलणारा तिचा धाकटा दीर होता. घरात त्याला सगळे कॅप्टन म्हणत, कारण सहलीची यादी तो करी आणि शिट्टी त्याच्या गळ्यात असे. त्याने विचारलं, असंही म्हणता येणार नाही. तो मुंगीच्या बाबांशी दोराबद्दल बोलत होता, आणि बोलता बोलता, तिच्याकडे न बघताच म्हणाला, की वहिनी इथे आहेतच, बटाटे त्या उकडून ठेवतील, आपण दोनपर्यंत खाली येऊ.

“मी पण वर येतेय,” ती म्हणाली.

कॅप्टन हसला. त्याला ती थट्टा वाटली. त्याची बायको, म्हणजे मुंगीची काकू, आपल्या जुळ्या मुलांना टोप्या घालत होती, तीही हसली. मुंगीचे बाबा दोर गुंडाळत राहिले.

खरं तर तिने हे महिन्याभरापूर्वीच सांगितलं होतं. या खेपेला मी वर येणार, असं स्वयंपाकघरात उभं राहून, नीट, पूर्ण वाक्यात. बाबा तेव्हा फोनवर काहीतरी वाचत होते. ‘हो, बघू’ म्हणाले होते. शिवाय काल दुपारी गाडीतून उतरल्यावर वाटेच्या तोंडाशी सगळ्यांनीच ती पाटी वाचली होती. कड्याचे दगड सुटू लागल्याने वरची वाट या हंगामानंतर कायमची बंद करण्यात येत आहे, असं त्यावर लिहिलं होतं. काकूने पाटीखाली जुळ्यांचा फोटो काढला. मुंगीच्या आईने पाटी दोनदा वाचली.

सामानापाशी माणूस लागायचा तो माकडांमुळे. पहिल्या वर्षी येऊन तासभर होतो न होतो तोच माकडांनी तंबूत शिरून पाव, साखर, जुळ्यांची औषधं, सगळं उधळलं होतं. दुसऱ्या दिवशी वर जायच्या वेळी कोण थांबणार, असा प्रश्न आला. ती सलग तीन रात्रपाळ्या करून आली होती. डोळे चुरचुरत होते. ती आपणहून म्हणाली, मी थांबते. त्या एका वाक्यावर पुढची पाच वर्षं निघाली.

ती शस्त्रक्रियेच्या वॉर्डात नर्स होती. माणूस आत न्यायच्या आधी त्याचं घड्याळ, चष्मा, अंगठी, कधी दातांची कवळीसुद्धा काढून घ्यायची, पिशवीत घालायची, चिठ्ठी लावायची, हे तिचं काम. नातेवाईक चहाला जाताना म्हणत, सिस्टर, जरा लक्ष ठेवा. घरी आल्यावर दुधाकडे जरा लक्ष ठेव, मुंगीच्या अभ्यासाकडे जरा लक्ष ठेव. ती ठेवायची. वीस वर्षांत तिच्याकडून एक चष्मा हरवला नव्हता. लोकांना वाटायचं, तिला आवडतंच ते.

नाडी बांधून ती उठली आणि पाण्याची बाटली खांद्याला अडकवली. तेव्हा कुठे बाबांनी दोर खाली ठेवला. तिला जरा बाजूला घेऊन समजुतीच्या सुरात ते म्हणाले, की सगळे निघायच्या वेळी हे काय काढलंस, उगाच मुलांचा विरस होतो.

“आणि तू पाहिलायस की धबधबा. सहा वेळा आलोय आपण.”

“आलोय. मी पाहिलेला नाही.”

“असं कसं? माझा पाय मुरगळला तेव्हा पट्टी कोणी बांधली? तूच ना? तिथल्या तिथे, पाण्यासमोर. तोंडावर तुषार येत होते, मला चांगलं आठवतंय.”

“इथे बांधली,” ती म्हणाली आणि चपट्या दगडाकडे बोट केलं. “या दगडावर. भाऊजींनी तुला धरून खाली आणलं होतं. तुषार नव्हते ते. तुला घेरी येत होती म्हणून मी तोंडावर पाणी मारलं होतं.”

कॅप्टनने मध्ये तोंड घातलं. वहिनी, तुम्ही नक्की होतात वर, जुळे पहिल्यांदा पाण्यात उतरले तेव्हा तुम्हीच ओरडला होतात ना, असं त्याने विचारलं. काकूलाही तसंच आठवत होतं. मग बाबांना एकदम पुरावा सापडला. ते म्हणाले, की मुंगीच्या निबंधातसुद्धा आहे, आठव.

तो निबंध तिला पाठ होता. ‘आमची सहल’. त्यात शेवटून दुसरी ओळ होती, की माझी आई धबधब्याखाली उभी राहून खूप हसत होती. बाईंनी त्यावर ‘छान’ लिहिलं होतं. पालकांची सही हवी होती, तर तिने कणीक मळता मळता हात धुऊन सही केली होती आणि वही परत दिली होती. मुंगी तेव्हा आठ वर्षांची होती. आता नऊ वर्षांची मुंगी दोन पावलांवर उभी राहून सगळं ऐकत होती.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मुंगीच्या आईला त्या सकाळी कळलं. ही माणसं खोटं बोलत असती तर तिला सोपं गेलं असतं. खोटं पकडता येतं. पण त्यांना ते खरंच वाटत होतं. दिवाणखान्यात बसून ती गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली होती, की सांगता सांगता त्यांनीच तिला उचलून वर नेऊन ठेवलं होतं. आणि ती खाली बसली होती ते तास कोणाच्याच हिशेबी नव्हते.

कॅप्टन तसा मनाने वाईट नव्हता. प्रकरण चिघळतंय असं दिसल्यावर त्याने तोडगा काढला. एवढंच आहे तर आज आपली बायको थांबेल, म्हणाला. काकूचा चेहरा उतरला.

“मी? एकटी?” ती म्हणाली. “नाही हं ताई, मला नाही जमायचं. माकडं येतात. आणि कोणी परका माणूस आला म्हणजे? मला भीती वाटते.”

“मलाही वाटायची,” मुंगीची आई म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता, पण जुळे टोप्यांशी खेळायचे थांबले.

“दुसऱ्या वर्षी एक माणूस आला. त्या झाडाखाली बसला आणि तासभर माझ्याकडे बघत राहिला. मी सुरीने बटाटे सोलत होते. बटाटे संपले तरी सोलत होते.”

“कधी बोलली नाहीस,” बाबा म्हणाले.

“तुम्ही खाली आलात तेव्हा सगळे एकदम बोलत होतात.”

वरचा आवाज तेवढा येत राहिला. कॅप्टन शिट्टीशी चाळा करू लागला. बाबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मग त्यांची नजर मुंगीवर गेली. मुंगी शहाणी मुलगी होती. सांगितलेलं ऐकायची. ते जरासे वाकले आणि म्हणाले, की मुंगी, तू आणि काकू दोघी मिळून…

“तिला विचारायचं नाही,” आई म्हणाली.

आता मात्र आवाज चढला. जुळ्यांपैकी एक जण काकूच्या मागे सरकला.

“आज ती हो म्हणेल. मला ठाऊक आहे, म्हणेल ती. आणि मग जन्मभर तीच बसेल सामानापाशी, आणि तुम्ही सगळे म्हणाल, तिला आवडतंच ते. माकडांना नेऊ दे काय न्यायचं ते. भांडी नेऊ देत, तंबू फाडू देत. बटाटे तुमचे तुम्ही उकडा. मी चालले.”

आणि ती खरोखरच निघाली. मागे वळून पाहिलं नाही. वळली असती तर कोणाचा तरी पडलेला चेहरा दिसला असता, आणि पडलेले चेहरे पाहून परत फिरायची तिला फार जुनी सवय होती.

वाट दगडांची होती, शेवाळलेली. ती रागारागाने चढत होती, म्हणून पहिल्या वळणापर्यंत दम लागल्याचंही कळलं नाही. तिथे मागून धापा ऐकू आल्या. मुंगी होती. दोघी चालू लागल्या. मुंगीला वाट माहीत होती. कुठे मूळ धरायचं, कुठला दगड हलतो, हे ती पुढे होऊन हाताने दाखवायची, आणि आई त्याप्रमाणे पाय टाकायची. एवढीशी पोर इतक्या वेळा इथून गेली आहे, हे पाहूनही तिला राग आला. राग कोणाचा, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

खूप वर गेल्यावर मुंगीने विचारलं, “तू खरंच नव्हतीस?”

“नव्हते.”

“मग मला कसं काय दिसलीस?”

आईने एक मूळ धरून स्वतःला वर ओढून घेतलं. मुंगी पुढे झाली, आणि बराच वेळ आईला तिची फक्त पाठ दिसत राहिली.

वर पोचल्या तेव्हा वाट दोन कातळांच्या फटीतून गेली आणि एकदम समोर धबधबा आला.

तो लहान होता. घरी सांगायचे त्याच्या निम्मासुद्धा नसेल. शाळेच्या इमारतीएवढी उंची, मध्ये एक कपार, कपारीवर आपटून पाणी दोन धारांनी खालच्या डोहात पडत होतं. एवढ्याशासाठी सहा वर्षं, असं तिच्या मनात आलं आणि राग पुन्हा उसळला. तिला पाण्याखाली उभं राहून हसावंसं मुळीच वाटेना. ती काठावर उभी राहिली. डावीकडची धार जाड होती आणि उजवीकडची वाऱ्याने मोडत होती. मोडली की कातळावर ओला पट्टा उमटे, धार परत सरळ झाली की तो हळूहळू सुकत जाई. हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. ती ते पाहत राहिली. किती वेळ, कोणास ठाऊक. कोणी तिला काही आणायला सांगितलं नाही.

मागून शिट्टी वाजली तेव्हा तिने मान वळवली.

कातळांच्या फटीत सगळे उभे होते. बाबांच्या पाठीवर दोन पिशव्या, पोटावर एक. कॅप्टनच्या डोक्यावर गुंडाळलेला तंबू. काकूच्या दोन्ही हातांत भांडी. जुळ्यांमध्ये मिळून बटाट्यांची पिशवी. सगळे घामाने निथळत होते आणि पुढे येऊ बघत होते. पण फट अरुंद होती, आणि फटीच्या तोंडाशी मुंगी दोन्ही हात पसरून उभी होती, धबधब्याकडे पाठ करून.

पाण्याच्या आवाजात बाबा काय म्हणाले ते आईला कळलं नाही. बाजूला हो, असंच काहीतरी असावं. मुंगीचं उत्तर मात्र ऐकू आलं.

“थांबा. आई बघतेय.”

कॅप्टन हसून काहीतरी बोलला आणि एक पाऊल पुढे आला. मुंगी हलली नाही. तो थांबला. बाबांनी पोटावरची पिशवी जरा वर सरकवून घेतली आणि तेही थांबले.

आईने पुन्हा पाण्याकडे तोंड केलं. उजवीकडची धार मोडली होती.

मुंगीच्या पिंढरीला काहीतरी चावलं. तिने एक हात खाली घेतला, कराकरा खाजवलं, आणि हात पुन्हा होता तिथे पसरला.