पाखरं राखणारा डबा

मित्रांनो, अकलोलीच्या बाजूला गेलात, तर एका भातशेतात उंच बांबूला टांगलेला गंजका पत्र्याचा डबा दिसेल. तो मीच. माझ्या अंगावर कधीकाळी सूर्यफुलाचं चित्र होतं. आता त्याची एक पाकळी तेवढी उरली आहे.

मी मूळचा तेलाचा डबा. अंबाडीच्या बाजारात एका दुकानात रिकामा झालो आणि भंगारात जाणार होतो, तेवढ्यात बायजाबाईने मला मागून घेतलं. घरी आणून तिने माझ्या तळाला भोक पाडलं, आत लोखंडाचा एक जाड तुकडा लोंबता बांधला आणि त्याची लांब दोरी थेट बांधापर्यंत नेली. दोरी ओढली की माझ्या पोटात असा काही खडखडाट व्हायचा, की तीन खाचरांतली पाखरं एकदम उठायची.

माझं काम वर्षातून महिनाभराचं. भादवा सरत आला, भात निसवून लोंब्या बाहेर आल्या आणि दाण्यात दूध भरलं की बायजाबाई मला गोठ्यातून काढायची. सकाळ-संध्याकाळ ती बांधावर बसून दोरी ओढायची. "माझा डबा म्हंजे घरातला गडी हाय," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. ते ऐकून मला फार बरं वाटायचं. कापणी झाली की मात्र मी पुन्हा गोठ्याच्या कोपऱ्यात. कोंबड्या माझ्यावर बसत, पावसाचं पाणी माझ्यावर गळत राही, आणि अकरा महिने माझी कुणाला आठवण होत नसे.

तीन वर्षांपूर्वी बायजाबाईचा मुलगा मनोज याचं लग्न झालं. सून सुकन्या भिवंडी शहरातली. लग्नाआधी ती एका गोदामात पॅकिंगला जायची. तिला शेतातलं काही येत नव्हतं, हे ती स्वतःच सांगायची. कावळा आणि कबुतर सोडून तिला एकाही पक्ष्याचं नाव माहीत नव्हतं. गेल्या वर्षी बायजाबाईचे गुडघे धरले आणि माझी दोरी सुकन्याच्या हातात आली. मनोज गोदामात शिफ्टला, सासू घरात. सुकन्या बांधावर एकटीच बसायची. ती दोरी ओढायची खरी, पण ओढल्यावर उडालेल्या पाखरांकडे बघत राहायची. आधी बायजाबाईने तसं कधी केलं नव्हतं. तिला पाखरं म्हणजे नुसतीच पाखरं होती.

आश्विनाच्या सुरुवातीला हस्ताचा जोराचा पाऊस झाला. त्यात माझी कुजलेली दोरी तुटली आणि दोन दिवस मी मुका झालो. तिसऱ्या दिवशी बायजाबाई कशीबशी शेतात आली आणि मटकन बांधावर बसली. खालच्या खाचरात भाताच्या लोंब्या कात्रीने कापाव्यात तशा तुटून चिखलात पडल्या होत्या. लष्करी अळी आली होती. ही अळी रात्री पिकावर चढते, लोंब्या तोडते आणि दिवसा बुडख्याशी लपते. वर्षभराचं घरचं भात त्या तीन खाचरांत होतं. मनोजला फोन गेला. त्याची डबल ड्युटी होती. फवारणीचं औषध घेऊन तो परवा येणार होता. "तोवर पाखरं तरी हाकल. उरलंसुरलं ती खातील," असं सुनेला बजावून बायजाबाईने नवी दोरी बांधून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकन्या दोरी हातात घेऊन बसली. वरच्या खाचरात पाखरांची झुंबड उडाली होती. मी वाट बघत होतो. दोरी ताणली गेली नाही. मित्रांनो, खरं सांगतो, मला तेव्हा तिचा राग आला. वाटलं, शहरातली पोर, हिला काय कळणार शेतातलं?

तेवढ्यात बायजाबाई लंगडत आली आणि तिने विचारलं, "हात दुखतात का गं तुझे?"

"आई, जरा बसा इथं," सुकन्या हळूच म्हणाली. "ही पाखरं दाणे खात नाहीत. मी दोन दिवस बघतेय. लोंबीला चोचसुद्धा लावत नाहीत. खाली चिखलात उतरतात."

बायजाबाईचा विश्वास बसला नाही. पण गुडघ्यांमुळे ती बसली, आणि बसल्यावर समोर बघण्यावाचून दुसरं काही नव्हतं. पिवळ्या चोचीची एक साळुंकी बुडख्यांतून बाहेर आली. तिच्या चोचीत जाडजूड अळी वळवळत होती. तिच्यामागून दुसरी आली. पांढरे गायबगळे एकेक पाऊल टाकत मान खुपसत होते. शेपटी दुभंगलेला एक काळा पक्षी माझ्याच बांबूवर येऊन बसला, झेपावला आणि चोच भरून परत आला. शेतात माझ्याजवळ येऊन बसलेला तो पहिला पक्षी.

"हा काळा कोण?" सुकन्याने विचारलं.

"कोतवाल," बायजाबाई म्हणाली. मग ती साळुंक्यांची ये-जा बघत राहिली. शेवटी पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "चाळीस वर्सं पाखरं राखली मी. बघितली कधीच न्हाय."

त्या दिवशी मी वाजलो नाही. मनोज औषध घेऊन आला, तेव्हा दोघींनी त्याला फक्त खालच्या खाचरात फवारायला लावलं. वरच्या दोन खाचरांत त्यांनी वाळक्या फांद्या रोवल्या, पाखरांना बसायला. मनोजला ते पटत नव्हतं. पाखरांच्या भरवशावर शेती होते का, असं तो विचारत होता. त्याचंही चुकत नव्हतं. डाव उलटला असता, तर वर्षभर विकतचा तांदूळ खावा लागला असता. त्या आठवड्यात घरात कुणी धड जेवलं नाही. मी बांबूवर गप्प लटकून होतो आणि मला वाटत होतं, आता आपली गरज संपली.

खालच्या खाचरातलं अर्धं भात गेलंच. वरची दोन खाचरं मात्र उभी राहिली. आणि एका सकाळी ठिपक्यांच्या छातीच्या मुनियांचा थवा थेट लोंब्यांवर उतरला. सुकन्याने क्षणभर निरखून बघितलं आणि मग जोरात दोरी ओढली. इतक्या आनंदाने मी कधीच वाजलो नव्हतो!

यंदा मनोजने पाखरं घाबरवायला चकाकणारी प्लास्टिकची पट्टी आणली होती. बायजाबाईने ती बाजूला ठेवली आणि मला पुसून, नवी तार लावून टांगलं. आता सकाळी दोघी बांधावर शेजारी बसतात. सुकन्या विचारते, बायजाबाई सांगते: हा खाटीक, नुकताच आलाय, हिवाळाभर राहील, तो वेडा राघू, ती शेपूट हलवणारी परटीण. काही नावं बायजाबाईलाही ठाऊक नसतात. मग त्या दोघी मिळून नाव ठेवतात. शेजारच्या बायकाही अळी दिसली की आधी सुकन्याला बोलावतात.

मित्रांनो, माझा पत्रा आता पातळ झाला आहे. आणखी दोन-तीन हंगाम निघतील. मला जपा, गंजू देऊ नका, एवढं तर मी मागतोच. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. कुणाला हाकलायला हात उचललात, तर तो आलाय कशासाठी, हे थोडा वेळ बसून बघा. मुनिया असेल, तर मला खुशाल वाजवा. साळुंकी असेल, तर मला गप्प राहू द्या. गप्प राहूनही राखण करता येते, हे मला फार उशिरा कळलं.